घसारा

आमच्या घरात आजवर जे तात्त्विक वाद झाले ते सगळे गॅलरीला ग्रिल लावावं की नाही, या उंचीच्या वर कधी गेले नाहीत. त्यामुळे एका रविवारी दुपारी, वरण-भाताची गुंगी डोळ्यांवर असताना, चिरंजीवांनी गंभीर चेहऱ्याने "बाबा, इपॉक्सी मारू की लाकूड तसंच ठेवू?" असं विचारलं तेव्हा मी दचकून उठलो आणि म्हणालो, "आता कुठे गळतंय?"

माझी चूक नव्हती. डोंबिवलीत चोवीस वर्षं राहिलेल्या माणसाला इपॉक्सी हा शब्द फक्त बाथरूमच्या संदर्भातच माहीत असतो. वरच्यांचं पाणी आमच्या छतात, आमचं खालच्यांच्या छतात, आणि सोसायटीच्या सभेत सगळ्यांचं मिळून डोळ्यांत, अशी आमच्याकडे जलव्यवस्था आहे. पण चिरंजीव फरशीबद्दल बोलत नव्हते. ते गिटारबद्दल बोलत होते.

गिटारही साधी नव्हे. बेस गिटार. चार जाड तारा, मानेएवढी लांब मान, आणि आवाज असा, की ऐकू येण्याआधी तो कपाटातल्या स्टीलच्या भांड्यांना कळतो. ही वस्तू चिरंजीवांनी अठरा हजारांना सेकंडहँड घेतली. त्यातले अकरा हजार शिकवण्यांचे आणि सात हजार आईचे. (म्हणजे माझेच, पण आईच्या डब्यातून आले की ते आईचे होतात. हा हिशोब कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.) घेतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, बघा जरा! तो मोडतोय ती!"

मी जाऊन पाहिलं. चिरंजीव हातात तापलेली सोल्डरिंगची सळई आणि पक्कड घेऊन गिटारच्या पट्टीवरचे पितळी दिसणारे पडदे एकेक करून उपटत होते. सतारीला असतात तसे पडदे, पण लाकडात रुतवलेले. वीस होते. विसाच्या वीस काढून त्यांनी फुटाण्याच्या डब्यात भरले. राहिलेल्या फटींत लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवल्या. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूतला भाग काढून टाकला की तिची किंमत वाढते, हे मला बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

"आता ही फ्रेटलेस झाली," चिरंजीव म्हणाले. मुंजीत बटूची शेंडी राखून बाकी डोकं साफ केल्यावर न्हाव्याच्या चेहऱ्यावर दिसतं तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

वाचकहो, पडदा म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. पडदा म्हणजे वाद्यातलं सर्क्युलर. दोन पडद्यांच्या मध्ये बोट कुठेही दाबा, सूर नेमका तोच निघतो. तुमची अक्कल, तुमचा मूड, आदल्या रात्रीचं जागरण, कशाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. पडदा काढला की बोट हाच पडदा. ते केसभर सरकलं की बेसूर, आणि दोष द्यायला कोणी नाही. मी स्वतः पडद्यांवर जगणारा माणूस आहे. माझ्या पासिंग पॉवरच्या वरचा चेक आला की मी तो साहेबांच्या टेबलावर सरकवतो. साहेब त्यांच्या पडद्याच्या वरचा चेक आणखी वर सरकवतात. बेसूर झालोच तर सगळे मिळून होतो, त्यामुळे कोणाला कळत नाही.

गंमत अशी की हे वाद्य पडद्यांसाठीच जन्माला आलं. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढं उभं लाकडी धूड असे, पडदे नसलेलं. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर या गृहस्थाने विजेवर वाजणारी, गळ्यात अडकवता येणारी, पडदे बसवलेली बेस गिटार बाजारात आणली आणि तिचं नावच ठेवलं 'प्रिसिजन'. म्हणजे अचूक. हा फेंडर मूळचा हिशोबनीस! कॉलेजात अकाउंटन्सी शिकलेला. हिशोबाची नोकरी गेल्यावर १९३८ साली त्याने रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. हे वाचल्यावर मला त्याच्याबद्दल एकदम भाऊबंदकीचं प्रेम वाटू लागलं. दुसऱ्याच्या संगीतात बेरीज चुकू नये म्हणून धडपडणारा असा माणूस आमच्यातलाच.

आणि त्याच १९५१ साली, डिसेंबरच्या पहिल्या तारखेला, ते पडदे निरुपयोगी ठरवणारा मुलगा जन्माला आला. जॅको पास्टोरियस. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वाढला. त्याच्याकडे १९६२ सालची फेंडर जॅझ बेस होती. तिचे पडदे आपण सुरीने उपटले असं तो कधी सांगे, तर कधी सांगे की घेतली तेव्हाच ते काढलेले होते. आमच्या शाखेत या दोन जबाबांवर त्याला कर्ज मिळालं नसतं. पण पुढचं निर्विवाद आहे. पडद्यांच्या फटी बुजवून त्याने त्या पट्टीवर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलं. समुद्राकाठच्या माणसाला दुसरं काय सुचणार? आमच्याकडच्या कोकणातल्याने होडीचं चंद्रूस लावलं असतं. त्या कडक, चकचकीत पट्टीवरून जो आवाज निघाला तो १९७६ सालच्या त्याच्या पहिल्या तबकडीने जगभर पोचवला, आणि तेव्हापासून पडदे उपटणाऱ्या प्रत्येक पोराला एकच प्रश्न पडतो, जो आमच्या पोराला रविवारी दुपारी पडला.

प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. पट्टी असते शिसवाची. आपल्या दक्षिणेच्या जंगलातलं शिसव जगभरच्या गिटारींवर जातं. कठीण लाकूड, पण वरच्या तारा त्याहून कठीण. या तारांभोवती दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते. बोट लावलं तर कानशीसारखी लागते. पडदे असताना ही कानस पडद्यांवर घासते. ते गेले की थेट लाकडावर. आणि फ्रेटलेसची सगळी जादू बोट दाबून थरथरवण्यात आणि घसरवण्यात, म्हणजे लाकूड किसण्यातच. जिथे जास्त वाजवाल तिथे चऱ्या पडणार.

मग वाटा तीन. एक, गुळगुळीत तारा लावा आणि लाकडाला तेल पाजा. लाकूड टिकेल, पण आवाज जरा मऊ, पोटातल्या पोटात. दोन, खरखरीत तारा लावा आणि पट्टी झिजू द्या. झिजली की घासून सपाट करा, आणि हे करता करता एक दिवस पट्टी संपली म्हणजे नवी बसवा. तीन, इपॉक्सी. लाकडावर काचेसारखा थर. आवाज उजळ, लांब टिकणारा. पण मग तुमचं बोट लाकडाला कधीच लागणार नाही. तुम्ही आयुष्यभर थराला भेटणार.

मी रीतसर मतं मागवली. सौ. म्हणाली, "लाव की. पुसायला बरं." आमचे हेडकॅशियर म्हणाले, "आधी विकून टाका, मग ठरवा." सोसायटीत फर्निचरचं काम करणारे मिस्त्री पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "साहेब, शिसवाला प्लास्टिक? त्याला हाताचं तेल लागलं पाहिजे. माझ्या बापाच्या रंध्याची मूठ बघा एकदा, आरशासारखी झालीय. कोणी पॉलिश केली? हातानंच."

मला मिस्त्रींचं पटलं. आजोळच्या उंबरठ्याला मध्यभागी खोलगट पडलं होतं. तीन पिढ्यांच्या पायांनी केलेलं. त्याला कोणी नुकसान म्हटलं नाही. झिजणं ही एक प्रकारची सहीच असते. मी चिरंजीवांना हे बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बाबा, उंबरठ्याला सुरात राहावं लागत नाही. इथे चरी पडली की तार कडकड वाजते."

मुलाला शिकवलं की असं होतं.

मग मी सरोदाचा दाखला दिला. आपणही अगदीच औरंगजेब नाही हे मुलाला कळावं म्हणून. चिरंजीवांनी तो माझ्यावरच उलटवला. सरोदालाही पडदे नाहीत. त्याच्या पूर्वजाची, रबाबाची, पट्टी लाकडाची होती. एकोणिसाव्या शतकात तिच्यावर धातूचा पत्रा आला, तारा धातूच्या झाल्या आणि नखाने मींड घसरू लागली. तेव्हाही कोणी मिस्त्री म्हणालेच असतील, "खाँसाहेब, लाकडाला पत्रा?" आज सरोदाचा आवाज म्हणजे आपल्याला त्या पत्र्याचाच आवाज वाटतो. लाकूड खरं आणि थर खोटा, असं सरळ भागता येत नाही.

इथवर वाद गिटारचा होता. त्या रात्री झोप येईना, तेव्हा ध्यानात आलं की माझ्या डोक्यात गिटार नव्हतीच. अण्णांचं व्हायोलिन होतं.

माझे वडील, अण्णा, तालुक्याच्या गावी कारकून होते. तरुणपणी त्यांनी एक व्हायोलिन घेतलं. दोन वर्षं शिकले म्हणे. मग बहिणींची लग्नं, मग आम्ही. व्हायोलिन पेटीत गेलं, पेटी जुन्या धोतरात गुंडाळली गेली, आणि ते सगळं कपाटावर चढलं. दसऱ्याला पेटी खाली यायची, हळदकुंकू लागायचं, आणि परत वर. मी सातवीत असताना एकदा ती उघडली, तर पाठीत धपाटा बसला. "खेळायची वस्तू आहे का ती? आधी परीक्षा. मग बघू." परीक्षा झाली. दहावी झाली, बारावी झाली, बी.कॉम. झालो, बँकेची परीक्षा झाली. दरवेळी मी "मग"ची वाट पाहिली. पुढे पुढे वाट पाहायचंही विसरलो.

अण्णा गेल्यावर पेटी उघडली. गजाचे घोड्याचे केस कसरीने खाल्लेले. वरची पाटी सरसातून सुटलेली. आत आवाजाचा आधार म्हणून उभी असते ती काडी पडून गडगडत होती. वाद्यावर एक ओरखडा नव्हता. इतक्या चांगल्या स्थितीत मेलेलं वाद्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या शास्त्रात झिजण्याला एक सुंदर शब्द आहे: घसारा. यंत्र घेतलं की दरवर्षी त्याच्या किमतीतून घसारा वजा करायचा. परीक्षेत यावर पंधरा मार्कांचा प्रश्न हमखास असे, आणि त्यात एक खुबी असे: वर्षभर यंत्र बंद होतं, तर घसारा आकारायचा का? निम्मा वर्ग 'नाही' लिहायचा आणि निम्म्या वर्गाचे मार्क जायचे. उत्तर आहे: आकारायचा. पडून राहिलेली वस्तूही झिजते. गंजते, जुनाट होते, काळाच्या मागे पडते. मी तेव्हा ते बरोबर लिहिलं होतं. कळलं अण्णांची पेटी उघडल्यावर.

म्हणजे घसारा चुकत नाही. फक्त कशापायी हे आपल्याला ठरवता येतं. चिरंजीवांची पट्टी सुरांपायी झिजली असती. अण्णांचं व्हायोलिन जपण्यापायी झिजलं. आपली मध्यमवर्गी माणसं या दुसऱ्या प्रकारात वाकबगार. सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल, रिमोटला प्लास्टिक, चांगला कपबशीचा सेट पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की म्हणायचं, "नको, फुटेल, स्टीलच्याच काढ."

पण मग इपॉक्सीही रिमोटचं प्लास्टिकच नव्हे काय? इथे मी अडलो. कूस बदलून बदलून पहाटे उलगडलं. दोन्ही आवरणंच, पण गवसणी घालतात ती वाद्य वाजू नये म्हणून, आणि इपॉक्सी चढवतात ते आणखी जोरात वाजवता यावं म्हणून. जॅकोने पट्टी राखून ठेवायला थर दिला नव्हता. खरखरीत तारांनी रात्र रात्र बडवता यावी म्हणून दिला होता. थर बोटाखाली घेता येतो की बोटाच्या आड येतो, हे पाहायचं. बस्स, एवढाच काय तो फरक. मला इतका आनंद झाला की मी सौ.ला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "पुसायला बरं, हे मी आधीच सांगितलं होतं," आणि परत झोपली.

सकाळी चिरंजीवांना माझा निष्कर्ष ऐकवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला. मग म्हणाले, "बाबा, तो बँकेच्या परीक्षेचा फॉर्म तू महिनाभर टेबलावर ठेवलायस. ती काय, गवसणी की इपॉक्सी?"

मी म्हणालो, "इपॉक्सीच. पगार असला की माणूस निर्धास्त वाजवतो."

"मग तू काय वाजवतोस?"

प्रश्नात खोच नव्हती. खोच असती तर मी ओरडलो तरी असतो. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. रोजचं काम रोज टॅली करून उठणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या दिवशी ते उत्तर सस्पेन्स अकाउंटला टाकावं लागलं. अजून तिथेच आहे. चार-दोन विनोदी लेख लिहितो, ते मी जमेला धरू पाहतो. पण ऑडिटर मान्य करतील असं वाटत नाही.

आणि बापाच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हिशोब एकतर्फी होईल. ज्या जॅकोने पट्टीला इतका पक्का थर दिला, त्याच्या अंगावर मात्र कसलाच थर राहिला नाही. दारू, मनाचा आजार, हातातून सुटत गेलेली कामं. १९८६ साली ती गिटारही न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेली. १९८७ च्या सप्टेंबरात एका क्लबच्या दाराशी त्याला मारहाण झाली आणि त्यातून तो उठला नाही. वय पस्तीस. गिटार कित्येक वर्षांनी सापडली. ती आहे. तो नाही. म्हणून कोणी कलेच्या नावाने पोराला "झीज खुशाल" असं सांगू लागलं, तर मला त्याच्या पोराचं वय विचारावंसं वाटतं.

शेवटी मी चिरंजीवांना एवढंच म्हणालो, "फॉर्म भर किंवा फाड. पण ज्या दिवशी तू ही गिटार कपाटावर ठेवून 'मग बघू' म्हणशील, त्या दिवशी मला हाक मार. मी पाठीत धपाटा घालीन. उलट्या कारणासाठी." त्यांनी फॉर्म ना भरला ना फाडला, गिटारच्या पिशवीत ठेवला. मुदत अजून नऊ दिवस आहे.

इपॉक्सी मात्र लावलं. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने त्यावर तेलकट साय धरते, म्हणून दिवाळीनंतरचा रविवार धरला. या कामात माझा इतका उपयोग होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. त्याचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, वजनाने, तंतोतंत घ्यायचे. लवकर वाळावं म्हणून हार्डनर चमचाभर जास्त घातलं तर ते लवकर वाळत नाही, कायमचं चिकट राहतं. असा सडेतोड पदार्थ मी प्रथमच पाहिला. सौ.चा केकचा काटा घेऊन मी ग्रॅमचा दशांश जुळवत बसलो आणि चिरंजीव प्रथमच माझ्या नोकरीकडे आदराने पाहत होते. आणखी एक गुण कळला: मिश्रण खोल भांड्यात एकत्र ठेवलं की आपल्याच उष्णतेने तापून झटपट घट्ट होतं, पातळ पसरलं की शांत राहतं आणि वेळ देतं. एकत्र कुटुंबाबद्दल याहून नेमकं काही मी ऐकलेलं नाही.

कडेला टेप लावून बांध घातला, थर ओतला, बुडबुडे आले ते सौ.च्या हेअर ड्रायरने घालवले. सगळं आरशासारखं झालं. "चोवीस तास कोणी हात लावायचा नाही," चिरंजीवांनी बजावलं.

आता 'रंग ओला आहे' अशी पाटी वाचून बोट लावून न पाहिलेला मराठी माणूस मला दाखवा. संध्याकाळी सगळे देवापाशी असताना मी हळूच जाऊन कडेला अंगठा टेकवून पाहिला. वाळलं नव्हतं.

नंतर आणखी थर झाले, आठवडाभर पॉलिशपेपरने घासणं झालं, नाकाला फडकी बांधून दोघांनी मिळून घासलं. पण तारांच्या बाहेर, अगदी कडेला, माझ्या अंगठ्याचा ठसा खालच्या थरात अंधुकसा राहिलाच. बँकेत निरक्षर खातेदारांचे ठसे घेण्यात माझी हयात गेली; इतका स्वच्छ ठसा कधी उमटला नव्हता. मी म्हणालो, "खरवडून काढ. परत ओतू."

चिरंजीव मान वाकडी करून वाजवत होते. कपाटातली भांडी किणकिणत होती. बोट घसरत घसरत त्या ठशापाशी आलं, जरा मागे-पुढे झालं आणि सुरावर थांबलं.

"राहू दे," ते म्हणाले. "वीस पडदे काढले, एक तू परत बसवलास. पण बरोबर जागी बसलाय."

ठसा खरं तर केसभर पुढे आहे. मी नंतर पट्टी लावून मोजलं. पण ते सांगणं माझ्या पासिंग पॉवरच्या बाहेरचं आहे.